सव्वापाचनंतरचा भाव

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या घरात पाठीमागे सवलतराव म्हणतात. नाव मीच ठेवलं. लग्न झालं त्याच वर्षी त्यानं बूट आणले. पाय आठ नंबरचा, बूट नऊ नंबरचे. का, तर निम्मी किंमत फक्त नऊ नंबरवर होती. पुढे कापूस कोंबून हा माणूस दोन वर्षं ते बूट घालून कामावर गेला आणि भेटेल त्याला पाय पुढे करून दाखवत राहिला. काही लोकांना फुकट ते पौष्टिक असतं. याला फुकटही नको. याला 'आधी होतं त्यापेक्षा स्वस्त' हवं. ती वस्तू मुळात लागते का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरतच नाही.

बस डेपोत तो वेळापत्रकं बनवतो. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी, हे त्याला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेल. बायकोला काय हवंय हे मात्र टक्क जागा असताना विचारलं तरी सांगता यायचं नाही.

धाकटीला उजेड हवा होता. ती कपडे दुरुस्त करते. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट सैल करायचा, कुणाची चेन बदलायची. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात तिचं शिलाई मशीन पलंग आणि भिंत यांच्यामध्ये अडकवलेलं. खिडकीसमोर दीड हातावर शेजारच्या इमारतीची भिंत. सुईत दोरा ओवायचा तर भर दुपारी दिवा लावायचा. चार वर्षं ती म्हणत होती, लहानसं का होईना, आपलं घर घेऊ. चार वर्षं याचं एकच उत्तर, "भाडं बाजारापेक्षा कमी आहे. हे सोडायला वेड लागलंय का?"

मी प्लंबर आहे. बावीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत हात घालतोय, त्यामुळे लोकांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. पण याच्यासारखा माणूस मला वर्षातून एखादाच भेटतो.

तर झालं असं. महिन्याच्या अकरा तारखेला डेपोच्या कँटीनमध्ये कुणीतरी याला सांगितलं की पहिलं घर घेणाऱ्याला सरकार आयकरात मोठी सूट देतंय. मोठी म्हणजे याच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी. योजना वर्षभर चालू होती, पेपरात दर आठवड्याला येत होती. याला कळलं तेव्हा एकोणीस दिवस उरले होते. तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत घराची नोंदणी झाली पाहिजे, नाहीतर सूट गेली.

झालं! चार वर्षं बायको सांगत होती तेव्हा याच्या कानात बोळे. सरकारनं कुजबुज केली आणि हा धावत सुटला.

त्या रविवारी आम्ही सगळे आईकडे जमलो होतो. मी आईजवळच राहतो, वरच्या मजल्यावर. सवलतराव छापील फॉर्म घेऊन आला आणि चहा यायच्या आत अटी वाचायला लागला, एखादी गाडी सुटायची घोषणा करावी तशा. आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "घर घेताय की बस पकडताय?"

"आई, एकोणीस दिवस होते, त्यातले पाच गेलेत," तो म्हणाला.

तिसरी अट अशी होती की नवरा-बायको दोघांपैकी कुणाच्याही नावावर आजवर घर किंवा घराचा हिस्सा असता कामा नये. ती त्यानं वाचली आणि चौथीकडे वळला. धाकटी कपबशा मांडत होती. तिनं मान वर केली.

"माझा हिस्सा आहे की."

"कुठे?"

"इथं. या घरात. बाबा गेल्यावर आई, दादा आणि मी, तिघांची नावं लागली. तुम्हाला सांगितलंय मी."

"हात् तिच्या, तो कसला हिस्सा! एक खोलीसुद्धा येत नाही वाट्याला. एवढं कोण बघत बसतंय? काय दादा?"

आता इथं मला माझी गोष्ट सांगायला हवी, कारण मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. बाबा गेले त्या वर्षी मी एका वकिलाकडून धाकटीच्या नावाचं हक्कसोडपत्र टाईप करून आणलं होतं. बहिणीनं सही केली की घर आईनंतर माझं. तिला मी ते दाखवलं, ती म्हणाली, "बघू." सात वर्षं ते माझ्या कपाटात होतं. आणि त्या रविवारी, फॉर्मची ती तिसरी अट ऐकल्यावर, माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल? 'जावईबापू, नीट वाचा, अडकाल' हा नाही. मनात आलं, सूट हवी असेल तर हाच माणूस तिला सही करायला लावेल. मला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही.

"बघा बुवा," मी म्हणालो, "तुमचं तुम्ही."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं आणि कपात चहा ओतायला लागली.

पुढच्या दोन दिवसांत त्यानं सात घरं पाहिली. पाहिली म्हणजे काय, दारातून आत गेला आणि एजंटच्या फोनवर वेळ बघत बाहेर आला. एजंट म्हणजे एक नमुना होता. अत्तर असं की माणूस जिन्यात असतानाच वास घरात येऊन बसायचा. बोलताना सगळं 'आपण'. आपण घर घेऊ, आपण कर्ज काढू, आपण सही करू. दलाली मात्र 'मला'. त्या महिन्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शहरातले सगळे सवलतराव एकाच वेळी जागे झाले होते, आणि तो त्यांना मेंढरांसारखा हाकत होता.

सातव्या घराला मला बोलावलं. "दादा, दहा मिनिटं या, पाईप-बिईप बघून घ्या," सवलतराव फोनवर म्हणाला. दहा मिनिटं! मी एक नळ बदलायला वीस मिनिटं घेतो.

घर गल्लीच्या टोकाला होतं. बैठं, जुनं, तीन खोल्या, मागे छोटं अंगण. मालक एक निवृत्त ट्रकड्रायव्हर, बायको वारलेली, लेकीकडे राहायला जायचं म्हणून विकत होता. आत शिरल्याबरोबर मला नव्या रंगाचा वास आला. सगळं घर जुन्या रंगाचं आणि न्हाणीघराची एकच भिंत ताजी, दुधासारखी पांढरी. अशी एकटीच नटलेली भिंत दिसली की समजावं, आत काहीतरी कुजतंय. मी बोटानं दाबलं, तर पोपडा नखात आला. मग बादली भरून मोरीत ओतली. पाणी थोडं घुटमळलं, गेलं, आणि मिनिटाभरात स्वयंपाकघरातल्या मोरीतून गडगड करत वर आलं.

"ही लाईन खाली बसलीय," मी सांगितलं. "मधे कुठेतरी फुटलीय. फरशी उकरावी लागेल, इथून अंगणापर्यंत."

"जुन्या घरात आपण एवढं धरूनच चालतो," एजंट म्हणाला.

सवलतरावनं मला बाजूला घेतलं. "खर्च किती? सुटीपेक्षा कमी ना?"

"कमी. पण काम मोठं आहे. पंधरा दिवस तरी राहता येणार नाही."

"मग झालं तर! सुटीतून तो भागतो, वर उरतात."

"अहो पण भाव किती सांगतोय तो? एवढ्या भावात फुटका पाईप कशाला घ्यायचा?"

"दादा, चार वाजता दुसरी पार्टी येतेय."

त्याच्या मागे उभा राहून एजंट गंभीरपणे मान हलवत होता. दुसरी पार्टी! बावीस वर्षांत मी शंभर एजंटांच्या तोंडून ही पार्टी ऐकली, एकदाही डोळ्यांनी पाहिली नाही.

आम्ही पुढच्या खोलीत असे घासाघीस करत असताना धाकटी मागच्या खोलीत होती. मी तिला बोलवायला गेलो. मागच्या भिंतीला मोठी खिडकी होती, अंगणाकडे उघडणारी, आणि तिथून असा स्वच्छ, थंड उजेड येत होता की फरशीवरची टाचणी दिसावी. धाकटी तिथं उभी राहून म्हाताऱ्या ड्रायव्हरशी बोलत होती. मी आल्यावर दोघंही थांबले. काय बोलत होते ते मला नंतर कळलं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"घर चांगलं आहे," ती म्हणाली.

"खाली पाईप फुटलाय."

"ऐकलं मी. पाईप बदलता येतो, दादा. खिडकी कुठून आणायची?"

त्याच दुपारी सवलतरावनं बयाणा दिला. सांगितलेला भाव, एक पैसा कमी न करता. जन्मभर भाजीवाल्याशी दोन मिरच्यांसाठी भांडलेला माणूस, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीत हूं की चूं न करता मान डोलावून मोकळा झाला. कारण त्याच्या डोक्यात हिशेब घराचा नव्हताच, सुटीचा होता.

मग बारा दिवस नुसती पळापळ. कर्जासाठी बँक, पगाराच्या दाखल्यासाठी डेपो, मोजणीच्या नकाशासाठी आणखी एक कार्यालय. जिथं जाईल तिथं याच्यासारखेच लोक, बगलेत फाईल, तोंडाला फेस. बँकेतल्या माणसानं घर न बघताच कर्ज मंजूर केलं. त्यालाही महिनाअखेरचं काहीतरी गाठायचं होतं म्हणे. घाई कुणालाच विचार करू देत नाही आणि विचार न केल्याबद्दल सगळे एकमेकांचे आभार मानतात, असा तो सगळा प्रकार.

या बारा दिवसांत मी एकदा तरी त्याला तिसऱ्या अटीची आठवण करून द्यायला हवी होती. दिली नाही. कपाट उघडून ते हक्कसोडपत्र मात्र एकदा बघून ठेवलं, कागदाला वाळवी लागली नाही ना म्हणून.

तीस तारखेला दुपारी एक वाजता आम्ही नोंदणी कार्यालयात पोचलो. मी साक्षीदार म्हणून. भलंमोठं सभागृह, लाकडी बाकं, चार खिडक्या, त्यातल्या दोन बंद. आमचा टोकन नंबर दोनशे चौदा, आणि वर आकडा दिसत होता एकशे एकाहत्तर. बाकांवर मावेनात म्हणून लोक भिंतीला टेकून उभे. एक नवरा-बायको एकमेकांशी न बोलता बसले होते, त्यांनी घेतलेल्या घरात न्हाणीघरच नाही हे त्यांना त्या सकाळी कळलं होतं. एकजण फोनवर ओरडत होता, "कितवा मजला म्हणजे? मला काय माहीत कितवा मजला!" मला वाटलं, सरकारनं उद्या विहिरीत उडी मारणाऱ्याला सूट जाहीर केली तर ही सगळी मंडळी विहिरीपाशी टोकन घेऊन उभी राहतील.

सवलतराव दर पाच मिनिटांनी हिशेब करत होता. एका टोकनला सरासरी अकरा मिनिटं, त्रेचाळीस टोकनं, खिडक्या दोन. "चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आपला नंबर," त्यानं जाहीर केलं. वेळापत्रकात तो कधी चुकत नाही. आमचा नंबर चार वाजून पन्नास मिनिटांनीच आला, कारण मधले दोघे भांडून निघून गेले होते.

खिडकीपलीकडे एक प्रौढ बाई बसल्या होत्या. दिवसभर बोलून घसा बसलेला, हातात स्टेपलर. त्यांनी आमची फाईल उलटीसुलटी केली आणि मान वर न करता विचारलं, "दोघांपैकी कुणाच्या नावावर आजवर घर, घराचा हिस्सा?"

"नाही, नाही," सवलतराव म्हणाला.

"आहे," धाकटी म्हणाली.

बाईंनी मान वर केली. दिवसभरात बहुधा पहिल्यांदाच.

"आईच्या घरात माझा तिसरा हिस्सा आहे. सात वर्षं झाली."

"अगं, काय बोलतेस?" सवलतरावचा आवाज चिरकला. "मॅडम, ते काही नाही, ते नावापुरतं आहे. तुम्ही 'नाही' लिहा."

"नावापुरतंच विचारतेय मी," बाई म्हणाल्या. "काय लिहू?"

"खोटं लिहिलेल्या कागदावर मी सही करणार नाही," धाकटी म्हणाली. "मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"मग त्यानंतर का नाही बोललीस?"

"एकदा सांगितलेलं ऐकायला तुम्हाला किती वेळा सांगावं लागतं? आणि मला घर हवं होतं. सूट तुम्हाला हवी होती."

सवलतरावचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. पण क्षणभरच. दुसऱ्या क्षणी तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत ती चमक आली जी दुकानात लाल पाटी दिसली की येते.

"दादा! तुमच्याकडे हक्कसोडपत्र आहे ना तयार? ही बोलली होती मला एकदा. वकिलानं टाईप केलेलं. आत्ता सही करून टाकू! इथंच नोंदवू. मॅडम, आज हिस्सा सोडला तर चालेल ना?"

आणि मी? लाज वाटते सांगायला, पण माझा हात आपोआप पिशवीकडे गेला. हो, मी तो कागद बरोबर घेऊन आलो होतो. 'वाटलंच तर' म्हणून. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते दहा मिनिटांच्या अंतरावर होतं, आणि दुसऱ्याच कुणाच्या तोंडून मागितलं जात होतं. मी पिशवीत हात घातला तो धाकटीनं पाहिला. कागदाचा कोपरा बाहेर आला तोही पाहिला.

तिनं काही आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"तूही, दादा?" एवढंच म्हणाली.

बाईंनी स्टेपलर खाली ठेवलं. "'आजवर' म्हणजे आजवर," त्या सवलतरावला म्हणाल्या. "आत्ता सोडला तरी काल होताच ना? सूट मिळणार नाही. नुसती खरेदी नोंदवायची असेल तर नोंदवते. लवकर सांगा, मागे माणसं आहेत."

म्हणजे तो कागद सही होऊनही कुणाच्या उपयोगाचा नव्हता. उपयोग झाला असता फक्त मला. मी कोपरा परत पिशवीत ढकलला. सवलतराव अजून अंकगणितात होता, त्याला हे कळायला बराच वेळ लागला. धाकटीला तेवढाही लागला नाही.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "आमचा नंबर जाऊ द्या."

"जाऊ द्या?" एजंट मागून पुढे घुसला. अत्तराचा भपकारा आला. "ताई, असं कसं? आपण बयाणा दिलाय. आज नोंदणी झाली नाही तर बयाणा बुडेल, कागदावर लिहिलंय."

"बुडू दे."

"काय?" सवलतराव किंचाळला.

धाकटी बाकाकडे वळली. तिथं म्हातारा ड्रायव्हर मांडीवर टोपी ठेवून बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"काका, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, योजनेच्या आधी या घराला तुम्ही किती मागत होता ते. आणि यांनी," तिनं एजंटकडे बोट दाखवलं, "तुम्हाला सांगितलं, सरकार देतंय तर तेवढाच भाव चढवा."

"सांगितलं होतं," म्हातारा म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या सुटीसाठी हा माणूस एकोणीस दिवस ऊर फुटेस्तोवर धावला, ती सूट घराच्या भावात आधीच घालून ठेवलेली होती. सरकार याच्या एका खिशात घालणार होतं, आणि तो दुसऱ्या खिशातून तेवढीच काढून म्हाताऱ्याला आणि एजंटला देणार होता. वर फुटका पाईप. आणि याला वाटत होतं आपण सरकारला गंडवतोय!

"मग असं आहे, काका," धाकटी म्हणाली. "बयाणा ठेवून घ्या, तुमचा हक्क आहे. पण घड्याळ बघा. पाच वाजता ही सगळी गर्दी घरी जाईल. सव्वापाचला तुमच्या घरासाठी कोण येणार आहे? एवढ्या भावात कोण घेणार आहे? मला घर आवडलंय. मला घाई नाही. आधीचा भाव, त्यातून पाईपचा खर्च वजा, बयाणा त्यातच धरायचा. जमलं तर मला कळवा."

एजंट बोलायला लागला, की आपण असं, आपण तसं. म्हाताऱ्यानं हात वर केला. "तुम्ही जरा गप्प बसा," तो म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घालून उठला. "मुली, चाळीस वर्षं ट्रक चालवला. समोरचा खरंच अंगावर येतोय की नुसते दिवे मारून भीती घालतोय, मला कळतं. विचार करतो."

पाचला खिडक्यांवर पडदे पडले. ज्यांचे नंबर राहिले त्यांनी आधी आरडाओरडा केला, मग विनवण्या. एक बाई रडत होती. सवलतराव बाकावर बसून राहिला, मांडीवर फाईल घेऊन, ज्याची शेवटची गाडी गेली त्या माणसासारखा. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. मी तरी कुठल्या तोंडानं त्याची कीव करणार होतो?

घरी जाताना तिघंही एका रिक्षात. उतरताना धाकटी मला म्हणाली, "दादा, तो कागद टाकू नकोस. ठेव. मी बघू म्हणाले होते ना, त्याचं उत्तर आज देते. नाही."

पुढचे तीन आठवडे सवलतरावनं अंथरूण धरल्यासारखं केलं. बयाणा गेला, सूट गेली, बायकोनं अब्रू घालवली. डेपोत एकदा गाडीची वेळ चुकवली म्हणे, नोकरीत पहिल्यांदा. तो आईकडे येऊन धाकटीच्या तक्रारी करायचा आणि आई ऐकू न आल्यासारखं करायची. तिचे कान उत्तम आहेत.

बाविसाव्या दिवशी म्हाताऱ्याचा निरोप आला. एजंटमार्फत नाही, स्वतः. मधल्या काळात घर बघायला दोनच माणसं आली होती, आणि दोघांनी आधीच्या भावापेक्षाही कमी मागितलं होतं. लेक तिकडे बोलावत होती. त्यानं धाकटीचा भाव मान्य केला. बँकेनंही कुरकुर करत आकडा बदलला. नोंदणी झाली त्या दिवशी कार्यालयात चारही खिडक्या उघड्या आणि समोर पाच माणसं. मला साक्षीदार म्हणून बोलावलं नव्हतं. शेजारच्या मशीनच्या दुकानातली एक मैत्रीण गेली होती.

आता सवलतराव काय करतो ऐका. डेपोत सगळ्यांना सांगतो की मी मुद्दामच मुदत जाऊ दिली. "सगळे मूर्ख धावत होते, मी थांबलो. गर्दी ओसरली की भाव पडतो, साधं गणित आहे." हे तो माझ्यासमोर बोलला, धाकटीसमोर बोलला. धाकटी दाताने दोरा तोडत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याचा राग येणं तिनं बहुधा सोडून दिलंय. राग यायला समोरच्याकडून काही अपेक्षा लागते.

मी पाईपच्या कामाची वाट पाहत होतो. खरं सांगतो, मी मनात ठरवलं होतं, मजुरीचा पैसा घ्यायचा नाही, सामानही माझ्याकडचं वापरायचं. पंधरा दिवस खपायचं आणि त्या कागदाचं जे झालं ते फरशीखाली पुरून टाकायचं. दोन आठवडे फोन आला नाही. मग आईच सहज बोलून गेली की तिकडे फरशी बसवून झालीसुद्धा.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. दार धाकटीनं उघडलं. न्हाणीघरापासून अंगणापर्यंत नवी फरशी, अंगणात नवं चेंबर, वर सिमेंटचं झाकण. मी झाकण उचलून आत वाकून पाहिलं. उतार बरोबर दिलेला. जोड स्वच्छ. पाईपाखाली वाळूचा थर नीट दाबलेला, जे दहातले नऊ प्लंबर करत नाहीत. मी बराच वेळ वाकून खोट शोधत राहिलो.

"कुणी केलं?" मी विचारलं.

"डेपोच्या मागे दुकान आहे त्याचं. माझ्या गिऱ्हाइकाचा भाऊ."

"मला का नाही सांगितलंस? मी फुकट केलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली.

मी झाकण जागेवर बसवलं. हाताला ओलं सिमेंट लागलं होतं, ते अंगणातल्या नळावर धुतलं. नळाचा वायसर गळत होता. ठिबक, ठिबक. पान्हा माझ्या पिशवीत होता, दोन मिनिटांचं काम. मी तिच्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तो उद्या येणार आहे."

आणि ती मला चहाचं विचारून आत गेली, पाहुण्याला विचारतात तसं.